टेक्सास: प्रायमरी केअरसाठी जवळची नर्स प्रॅक्टिशनर कशी शोधायची?

बकुळफूल:

नमस्कार मंडळी. नवऱ्याची नोकरी बदलली म्हणून आम्ही नुकतेच न्यू जर्सीहून टेक्सासला आलोय. घरात आम्ही दोघं, दहा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. तिकडे घराजवळ एक इंटर्निस्ट होते, सगळं घर त्यांच्याकडेच जायचं, त्यामुळे डॉक्टर शोधायची वेळच कधी आली नाही. इथे इन्शुरन्सच्या वेबसाइटवरची यादी घेऊन फोन करायला बसले तर कुणी नवीन पेशंट घेत नाही, कुणी ते क्लिनिक कधीच सोडून गेलेलं, आणि जिथे घेतात तिथे डॉक्टरांची पहिली तारीख तीन महिन्यांनंतरची. त्याच क्लिनिकच्या रिसेप्शनवरच्या बाईंनी विचारलं, "आमच्या नर्स प्रॅक्टिशनरकडे पुढच्या आठवड्यात जागा आहे, देऊ का?" घरी विचारून सांगते म्हटलं आणि फोन ठेवला. नर्स प्रॅक्टिशनर म्हणजे जादा शिक्षण घेऊन पेशंट तपासणारी आणि औषधं लिहून देणारी नर्स, एवढंच मला माहीत आहे.

घरी दोन मतं पडली आहेत. नवरा म्हणतो, घेऊन टाक. सासूबाई म्हणतात, "इतकी वर्षं एमडीचं औषध घेतलं, आता नर्सकडे जाऊ?" मी त्यांना दोष देत नाही. वय ७१, मधुमेह जुना, बीपी आहे, आणि हल्ली तळपायांना मुंग्या येतात म्हणतात. भारतातून आणलेल्या गोळ्या जेमतेम महिनाभर पुरतील. त्यांना मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांसाठीचा सरकारी इन्शुरन्स आहे. ग्रीन कार्डवर पाच वर्षं पूर्ण झाल्यावर विकत घेतलं. आम्हा तिघांना कंपनीचा एचएमओ प्लॅन, म्हणजे नेटवर्कमधला एक प्रायमरी डॉक्टर निवडून त्याच्यामार्फतच पुढे जायचं असा. मला थायरॉइडची गोळी चालू आहे, मुलाला एडीएचडीचं औषध.

तर कुणी नर्स प्रॅक्टिशनरला कायमची प्रायमरी केअर म्हणून निवडलं आहे का? ती चांगली आहे की नाही हे बाहेरच्या माणसाने ओळखायचं कसं? आणि घराच्या जवळपास कोण कोण आहे हे शोधायला इन्शुरन्सच्या यादीखेरीज दुसरा काही मार्ग आहे का? स्टार रेटिंग वाचून माझं समाधान होत नाही. पार्किंग मिळालं नाही म्हणूनही लोक एक स्टार देतात.

निळी_छत्री:

आम्ही दोघंही एनपीकडेच (नर्स प्रॅक्टिशनरकडेच) जातो. माझं ए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ५.९ आलं तेव्हा तिने प्रीडायबेटिस म्हणजे नेमकं काय, इथून पुढे काय होऊ शकतं, हे कागदावर काढून समजावलं. तेवढा वेळ मला आधी कुणी दिला नव्हता.

यादीबद्दल एक सांगते. इन्शुरन्सच्या याद्या वेळच्या वेळी दुरुस्त होत नाहीत, त्यामुळे यादी ही फक्त सुरुवात समजा. क्लिनिकला फोन करताना "तुम्ही अमुक कंपनीचा इन्शुरन्स घेता का" असं विचारू नका, कारण त्याला सगळीकडून हो मिळतं. कार्ड हातात घेऊन प्लॅनचं पूर्ण नाव वाचून दाखवा. तुमचा एचएमओ आहे, म्हणून आणखी एक: एनपीचं नाव पीसीपी (तुमचा प्रायमरी केअरचा माणूस) म्हणून नोंदवता येईल का, हे इन्शुरन्सला विचारून घ्या. काही प्लॅनमध्ये कार्डावर डॉक्टरांचं नाव राहतं आणि पेशंट एनपी बघते. चालतं तसंही, पण पुढे स्पेशालिस्टसाठी रेफरल लागेल तेव्हा ते कुणाच्या नावाने निघणार हे आधी माहीत असलेलं बरं.

वॉर्डातून_क्लिनिकात:

बकुळफूल, मी टेक्सासमध्येच फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर आहे. त्याआधी बरीच वर्षं हॉस्पिटलच्या वॉर्डात नर्स होते. तुमच्या सासूबाईंचा प्रश्न मी क्लिनिकमध्ये नेहमी ऐकते आणि तो मला अगदी रास्त वाटतो. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हा पेशा १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात सुरू झाला. लोरेटा फोर्ड या नर्स आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञांनी मिळून तो अभ्यासक्रम काढला, कारण खेड्यापाड्यांतल्या मुलांना तपासायला डॉक्टर पुरत नव्हते. आज एनपी व्हायचं तर आधी रजिस्टर्ड नर्स, मग मास्टर्स किंवा डॉक्टरेट, मग राष्ट्रीय परीक्षा आणि राज्याचं लायसन्स. नावापुढे एफएनपी-सी किंवा एफएनपी-बीसी दिसेल. दोन वेगळ्या संस्थांची ही सर्टिफिकेट्स आहेत, दर्जात फरक नाही, आणि दोन्हींचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. एफएनपी लहान मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना बघते, त्यामुळे तुमच्या घराला तीच सोयीची. फक्त सासूबाईंपुरतं बघायचं असेल तर प्रौढ आणि वृद्धांसाठीच्या वेगळ्या प्रायमरी केअर एनपी असतात.

आता डॉक्टर आणि आम्ही यांतला फरक. फॅमिली डॉक्टर मेडिकल स्कूलनंतर तीन वर्षं रेसिडेन्सी करतात. आमच्या प्रशिक्षणातले पेशंट बघण्याचे तास त्यापुढे खूपच कमी असतात, आणि हे लपवण्यात काहीच अर्थ नाही. म्हणूनच एनपीच्या बाबतीत अनुभव विचारायलाच हवा: एनपी म्हणून किती वर्षं झाली, त्याआधी नर्स म्हणून कुठल्या विभागात होती. दुसरी बाजूही सांगते. २००० साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात न्यूयॉर्कचा एक अभ्यास आला होता. १,३१६ पेशंट चिठ्ठी टाकावी तसे एनपी आणि डॉक्टर यांच्यात वाटले, आणि सहा महिन्यांनी त्यांच्या तब्येतीत म्हणावा असा फरक सापडला नाही. मधुमेह, बीपी, थायरॉइड, लसी, वेळच्या वेळी करायच्या तपासण्या हे आमचं रोजचं काम आहे, आणि ते आम्ही चांगलं करतो.

राज्याचा कायदा मात्र समजून घ्या, कारण इथे न्यू जर्सीचा हिशेब चालणार नाही आणि ॲरिझोनाचा तर नाहीच. ॲरिझोनात एनपी स्वतंत्रपणे स्वतःचं क्लिनिक चालवू शकते. टेक्सासमध्ये औषध लिहायचं तर डॉक्टरांशी लेखी करार असावा लागतो आणि दर महिन्याला त्या डॉक्टरांबरोबर बैठक घ्यावी लागते. म्हणजे तुम्हाला जी एनपी दिसेल तिच्या पाठीशी कुणीतरी डॉक्टर आहेच. ते डॉक्टर कोण, त्याच इमारतीत बसतात की दुसऱ्या शहरात, आणि अडलं तर ती त्यांना त्याच दिवशी विचारू शकते का, हे फोनवर बिनधास्त विचारा. आम्हाला राग येत नाही.

शोधायचं कसं ते सांगते. फेडरल सरकारची एनपीआय रजिस्ट्री, म्हणजे डॉक्टर, एनपी वगैरेंच्या ओळख क्रमांकांची यादी, सगळ्यांना खुली आहे. त्यात झिपकोड आणि 'नर्स प्रॅक्टिशनर, फॅमिली' टाकलं की आसपासची नावं आणि क्लिनिकचे पत्ते येतात. पत्ते कधी कधी जुने असतात, म्हणून तिथून फक्त नावं उचलायची. मग नर्सिसच्या (Nursys, नर्सेसच्या लायसन्सची ऑनलाइन नोंद) साइटवर ते नाव टाकायचं. लायसन्स चालू आहे का, त्यावर काही शिस्तभंगाची कारवाई झाली आहे का, हे तिथे फुकट दिसतं. मी माझ्या आईसाठी एनपी निवडली तेव्हा तिचंही नाव तिथे तपासलं होतं. सासूबाईंसाठी मेडिकेअरच्या साइटवर केअर कंपेअर नावाचं शोधायचं पान आहे, त्यात मेडिकेअर घेणाऱ्या एनपी सापडतात. आणखी एक जागा लोकांच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे फेडरल मदतीवर चालणारी कम्युनिटी हेल्थ सेंटर्स. ती इन्शुरन्सवाल्यांनाही घेतात, बहुतेक ठिकाणी एनपी असतात, आणि कुणाकडे इन्शुरन्स नसेल तर उत्पन्न बघून फी कमी करतात.

या सगळ्यानंतरही माझ्या मते एकच प्रश्न निर्णायक आहे, आणि तो फारसं कुणी विचारत नाही: "दर वेळी मला हीच व्यक्ती बघणार का?" डॉक्टर असो की एनपी, प्रायमरी केअरचा उपयोग तेव्हा होतो जेव्हा तिला तुमचं मागचं आठवतं. मागच्या वेळी वजन किती होतं, कुठल्या गोळीने पाय सुजले होते, घरात कुणाला काय झालं. फाइलमध्ये हे असतंच, पण पंधरा मिनिटांत फाइल वाचायची की माणसाकडे बघायचं? मोठ्या क्लिनिकमध्ये जो मोकळा असेल त्याच्याकडे पेशंट पाठवतात. सर्दी-खोकल्याला ते ठीक आहे. ७१ वर्षांच्या मधुमेही बाईंना ते परवडत नाही. फोनवर सरळ विचारा, ती आठवड्यात किती दिवस असते, ती सुट्टीवर असताना रिपोर्ट कोण बघतं, पोर्टलवर प्रश्न टाकला तर उत्तर कोण देतं. ज्या ठिकाणी या प्रश्नांना नीट उत्तर मिळेल तिथे जा, भले ते क्लिनिक दहा मिनिटं लांब असेल.

आता मुंग्यांबद्दल. सासूबाईंना इथे बसून निदान सांगता येत नाही, पण पहिल्या भेटीत चांगल्या एनपीने काय करायला हवं ते सांगते, त्यावरूनच तुम्हाला तिची परीक्षा होईल. तिने बूट-मोजे काढायला लावले पाहिजेत. बोटांच्या बेचक्यांत भेगा, फोड बघायचे, पायाची नाडी हाताला लागते का ते बघायचं. मग एक नायलॉनचा बारीक ताठ धागा असतो, मोनोफिलामेंट. पेशंटने डोळे मिटायचे आणि तो धागा तळपायाला थोडा वाकेपर्यंत टेकवायचा. दहा ग्रॅमचा दाब पडतो. "आता लागलं का?" असं एकेका जागी विचारत जायचं. जिथे धागा वाकूनही उत्तर येत नाही तिथली संवेदना गेलेली असते. याला पाच मिनिटंही लागत नाहीत. शिवाय सासूबाई मेटफॉर्मिन घेत असतील तर बी१२ तपासायला हवं, कारण ती गोळी वर्षानुवर्षं घेतली की बी१२ कमी होऊ शकतं, आणि शाकाहारी माणसात आधीच कमी असण्याची शक्यता असते. त्यानेही मुंग्या येतात, आणि तो इलाज सोपा आहे. मोजे न काढता कुणी नुसती औषधं रिफिल करून दिली तर दुसरीकडे जा, मग नावापुढे एमडी का असेना.

मधल्या काळात पायाला जखम झाली, पाय लाल किंवा गरम झाला, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी अर्जंट केअरला न्या. आणि अचानक एका बाजूचा हात-पाय बधिर झाला किंवा बोलणं अडखळलं तर ९११.

गोदाकाठ:

वरच्या ताईंनी सुरेख लिहिलंय. मुलाच्या औषधाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो, कारण आम्ही हे निस्तरलंय. एडीएचडीची नेहमीची औषधं, म्हणजे मिथाइलफेनिडेट किंवा ॲम्फेटामिन गटातली, शेड्यूल दोनमध्ये, म्हणजे कायद्याने कडक नियंत्रण असलेल्या औषधांत येतात. टेक्सासमध्ये साध्या क्लिनिकमधली एनपी ती लिहून देऊ शकत नाही. हॉस्पिटलात भरती पेशंट, इमर्जन्सी आणि हॉस्पिस (अखेरच्या काळातली सेवा) एवढ्यापुरतीच तिला मुभा आहे. आमच्या मुलासाठी त्याच क्लिनिकच्या डॉक्टरांनी प्रिस्क्रिप्शन लिहायचं आणि बाकीचं सगळं एनपीने बघायचं असं ठरलं. तुमच्या मुलाचं औषध ॲटोमॉक्सेटिन किंवा ग्वानफेसिन असेल तर ही अडचण नाही. अपॉइंटमेंट घेण्याआधी औषधाचं नाव सांगून विचारा, नाहीतर तिथे पोचल्यावर कळायचं.

दुसरं असं, की एनपीच्या मी विरोधात मुळीच नाही, पण डॉक्टरच हवा असा आग्रह धरायलाही कुणी कचरू नये. माझ्या पत्नीला ताप, सांधेदुखी आणि अंगावर चट्टे असं एकत्र सुरू झालं होतं आणि कशाला कशाचा पत्ता लागत नव्हता. आमच्या एनपीनेच दुसऱ्या भेटीत सांगितलं, "हे माझ्यापुरतं नाही, मी आजच डॉक्टरांना दाखवते आणि रूमॅटॉलॉजीचं (सांध्यांच्या तज्ज्ञांचं) रेफरल टाकते." आणि टाकलं. आपलं काम कुठे संपतं हे ज्याला कळतं त्याच्यावर माझा विश्वास बसतो. त्यामुळे नवीन एनपीला मी हेही विचारेन, की कुठल्या बाबतीत तुम्ही पेशंट डॉक्टरांकडे पाठवता? उत्तर लगेच आणि नेमकं आलं तर समजायचं, तिने यावर विचार केलेला आहे.

बकुळफूल:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल त्याच क्लिनिकला पुन्हा फोन केला आणि इथले प्रश्न एकेक करून विचारले. ती एनपी तिथे सहा वर्षांपासून आहे, आठवड्यातले चार दिवस असते, आणि करारातले डॉक्टर त्याच मजल्यावर बसतात. दर वेळी तीच बघेल म्हणाल्या. नर्सिसवर लायसन्स बघितलं, सगळं स्वच्छ आहे. सासूबाईंना मोज्यांचा परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवला. ऐकून म्हणाल्या, "माझे पाय असे कुणी बघितलेच नाहीत अजून. चल, जाऊ या." पुढच्या आठवड्यातली वेळ घेतली आहे. मुलासाठी त्याच क्लिनिकच्या डॉक्टरांची उशिराची तारीख घेऊन ठेवली.

आता दोन शंका. सासूबाईंना इंग्रजी समजतं, पण तब्येतीचं बोलताना त्या मराठीवर येतात आणि माझ्यासमोर काही गोष्टी सांगत नाहीत, हे मला जाणवतं. आणि भारतातली औषधं तिला कशी समजावू? पाकिटांवर नुसती ब्रँडची नावं मोठी असतात.

वॉर्डातून_क्लिनिकात:

वा, छान झालं.

भाषेचं आधी. आजच क्लिनिकला फोन करून मराठी दुभाषा लागेल असं नोंदवून ठेवा. फेडरल पैसा घेणाऱ्या, म्हणजे मेडिकेअर घेणाऱ्या क्लिनिकने, दुभाष्याची सोय पेशंटकडून पैसे न घेता करायची असते. बहुतेक वेळा तो फोनवर किंवा व्हिडिओवर असतो. आधी सांगितलं की मराठीचा माणूस मिळायला सोपं जातं, नाहीतर हिंदीवर भागवतात. आणि भेटीतली काही मिनिटं तुम्ही खोलीबाहेर थांबा, हे स्वतःहून सुचवा. लघवी, पडणं, मन उदास असणं, घरातलं काही, या गोष्टी सुनेसमोर निघत नाहीत. माझ्याकडे येणाऱ्या आज्यांचं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य बहुतेक वेळा दार बंद झाल्यावरच येतं.

औषधांसाठी सगळी पाकिटं, अर्धी संपलेलीसुद्धा, एका पिशवीत घालून घेऊन जा. ब्रँडच्या नावाखाली बारीक अक्षरात मूळ औषध असतं, ते आणि मिलिग्रॅम एका कागदावर लिहा. ग्लायकोमेट म्हणजे मेटफॉर्मिन, टेल्मा म्हणजे टेल्मिसार्टन, थायरोनॉर्म म्हणजे लेव्होथायरॉक्सिन. ही तिन्ही इथे मिळतात. पण ग्लिक्लाझाइड किंवा व्हिल्डाग्लिप्टिन असेल तर त्यांना इथे एफडीएची मान्यता नाही, म्हणजे एनपीला दुसरं काहीतरी द्यावं लागेल. महिना शिल्लक आहे तोवर हा बदल करा, म्हणजे साखरेवर लक्ष ठेवत सावकाश बदलता येतं. घरचं बीपीचं मशीनही न्या, त्यांच्या मशीनशी ताडून घेता येतं. ए१सीला उपाशी राहावं लागत नाही.

बिलाबद्दलही सांगते, कारण नंतर लोक गोंधळतात. एनपीला मेडिकेअरने ठरवलेल्या रकमेपेक्षा जास्त आकारता येत नाही. पार्ट बीचं (मेडिकेअरच्या डॉक्टरभेटींच्या भागाचं) डिडक्टिबल, म्हणजे आधी स्वतः भरायची रक्कम, भरून झालं की सासूबाईंच्या वाट्याला साधारण २० टक्के येतात. मेडिकेअरची वार्षिक वेलनेस व्हिजिट वेगळी. ती मोफत असते, पण त्यात अंगाची तपासणी अशी नसते, आणि त्याच भेटीत मुंग्यांचा विषय काढला तर त्याचं वेगळं बिल लागू शकतं. म्हणून ही पहिली भेट नव्या पेशंटची साधी भेट म्हणूनच नोंदवली आहे ना, हे विचारून घ्या.

तुमच्या थायरॉइडसाठी एवढंच: केसांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्त देण्याआधी दोन दिवस बंद ठेवा, आकडे चुकतात. आणि सासूबाईंचे रिपोर्ट तुम्ही फोनवर विचाराल तेव्हा क्लिनिक त्यांच्या परवानगीशिवाय काही सांगणार नाही. पहिल्याच दिवशी काउंटरवर त्यांची सही घेऊन परवानगीचा फॉर्म भरा आणि पोर्टलचा प्रॉक्सी ॲक्सेस (त्यांच्या वतीने रिपोर्ट बघायची मुभा) मागून घ्या.